न हललेले चार फोटो

कार्ड मीच फॉरमॅट केलं.

कॅमेरा बिघडला नव्हता, व्हायरस नव्हता, कोणाचं कोपरही लागलं नव्हतं. (पहिले दोन दिवस मी सगळ्यांना कोपर लागल्याचं सांगत होतो. ते खोटं.) माझ्या उजव्या अंगठ्याने, दुपारी साडेचारच्या लख्ख उन्हात, तीसेक माणसांच्या देखत मी ते बटण दाबलं. पुढे जे झालं त्यात एकाचं डोकं फुटलं, एकाच्या बरगड्या गेल्या आणि माझ्या दुकानाच्या काचेत लावलेली अकरा नवरा-नवरीची जोडपी रस्त्यावर आली.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय... माणसं माणसांना मारतातच. बरोबर आहे. तिथवर मलाही काही वेगळं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो, बिस्किटासारखे. पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणे. अरे, काळोखात पांढरंच दिसणार, बाकीच्या साड्यांना एक्स्पोजर पुरत नाही! लोक मला फोटो आणून दाखवायचे — बघा, मागे गोल गोल आत्मे तरंगतायत. मी म्हणायचो, फ्लॅशसमोर उडालेली धूळ आहे, झाडू मारा, आत्मे जातील. वीस वर्षं कॅमेरा हातात आहे. कॅमेऱ्यासमोर नसलेली गोष्ट फोटोत येत नाही यावर माझा पक्का विश्वास. त्या विश्वासाचं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

पेणला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, आणि हमरापूरच्या कारखान्यांत वर्षभर घडणाऱ्या गणपतीच्या मूर्तींचे फोटो. मूर्तींचे माझे फोटो उत्तम येतात. कारण मूर्ती हलत नाही. हलणारं माणूस समोर आलं की माझाही हात त्याच्याबरोबर हलतो. हे मी मान्य करत नाही, पण शैला — म्हणजे माझी बायको, अल्बम तीच लावते — ती हललेले फोटो वेगळ्या पाकिटात ठेवते आणि त्या पाकिटाला 'तुमची कला' म्हणते.

शैलाचं माहेर रोह्याजवळ, वरशाच्या पुढे खाडीच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही. केस चालू आहे, म्हणून माणसांची नावंही बदलली आहेत. फक्त माझी अक्कल जशी होती तशीच ठेवली आहे.

तिथे दरवर्षी भातकापणी झाली की दोन गावांच्या मधल्या शेतात टेनिस बॉलची टुर्नामेंट भरते. ढेकळं फोडून पिच करतात, बांधावर माणसं बसतात, एका टोकाला मंडप, त्यात ट्रॉफ्या, आणि भोंग्यावर कॉमेंट्रीवाला. आणि इथे एक पद्धत आहे, बाहेरच्याला विचित्र वाटेल. रनआउटचा वाद झाला की निकाल फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात बघायचा. काही वर्षांपूर्वी अशाच वादातून कोयते निघाले होते, तेव्हापासून ठरलंय. फायनलच्या आधी दोन्ही कप्तान आणि फोटोवाला, तिघांनी मधल्या स्टंपवर हात ठेवायचा आणि माइकवर बोलायचं — "फोटोत दिसेल ते मान्य." मीही बोललो. कॉमेंट्रीवाल्याने माझं नाव 'पेणचे सुप्रसिद्ध छायाचित्रकार' असं घेतलं. पोट आत घेऊन हात ठेवला मी स्टंपवर.

फायनल दोन शेजारच्या गावांची. एका बाजूला शैलाचं माहेर, कप्तान बाळाराम — शैलाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. नागोठण्याला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, शिफ्ट बदलून खेळायला आला होता. पर्मनंट व्हायची त्याची यादी लागायची होती. दुसऱ्या बाजूला कप्तान परशुराम, परशा. परशा मला चांगला ओळखतो. त्याच्या भावाच्या लग्नातली सप्तपदी मीच काढली होती. त्या अल्बममध्ये नवरी सातही पावलं धुक्यातून चालते. मी त्याला 'इफेक्ट' म्हटलं होतं. परशाने जे म्हटलं होतं ते इथे लिहिता येत नाही.

शेवटचा बॉल. परशाच्या टीमला दोन रन हवे होते. परशानेच मारला, पहिला रन धावला, दुसऱ्यासाठी वळला. थ्रो आला बाळारामच्या हातात, त्याने स्टंप उडवले, परशाने उडी मारली, धूळ उडाली... आणि अर्धं मैदान 'आउट', अर्धं मैदान 'नाय'. अंपायर शाळेतले गुरुजी. त्यांनी शहाणपणाने माझ्याकडे बोट केलं.

"काढलाय का?"

"काढलाय तर," मी म्हणालो.

काढला होता, ही गोष्ट खरी. बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून एका झटक्यात, आठ फोटो घेतले होते. पण पहिले तीन मी मंडपाकडे चालता चालता पाहिले... हललेले. बाळारामला तीन हात, परशाला पायच नाही. चौथ्यापासून पुढचे ठीक असावेत, पण बघायला वेळ नव्हता. मागून तीस माणसं, दोन्ही गावांची, माझ्या मानेवर श्वास सोडत होती. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय यावं? दोन गावं पेटणार याची भीती नाही. ही सगळी माणसं आता माझे हललेले फोटो बघणार, ही लाज. परशा बघणार. पुन्हा सप्तपदी निघणार.

म्हटलं, आधी ते तीन पुसून टाकू, मग ऐटीत चौथा दाखवू.

ज्यांनी कॅमेरा वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुसणं म्हणजे पिशवीतला नासका कांदा काढून टाकणं. फॉरमॅट म्हणजे पिशवीच उलटी करणं. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत दोन्ही एकाखाली एक आहेत. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, चष्म्यावर घाम होता. 'नक्की का?' असं कॅमेऱ्याने विचारलं. मी न वाचता 'ओके' दाबलं. स्क्रीनवर आलं — नो इमेज.

"दाखव," परशा म्हणाला. तोवर तो शांत होता, हे मी कोर्टातही सांगणार आहे.

"गेला," मी म्हणालो.

"कुठं गेला?"

मी कॅमेरा उलटा करून हलवून बघितला. हो, खरंच बघितला. जसा काही फोटो खाली पडणार होता.

परशाचा काका मागे उभा होता, अंगाने रेड्यासारखा. तो म्हणाला, "जावयानं मेहुण्यासाठी उडवला रे." आणि मला थोबाडीत मारली.

चष्मा गेला. त्यानंतरचं मी तुम्हाला चष्म्याशिवायच सांगू शकतो. बाळाराम मध्ये पडला, त्याच्या पोटात कोणीतरी लाथ घातली. खुर्च्या उडू लागल्या. प्लॅस्टिकची खुर्ची तोंडावर बसते तेव्हा तिचा आवाज थट्टा केल्यासारखा येतो, पण दात जातोच. स्टंप उपटले गेले, सहाच्या सहा. एकाने बांधावरचा मेढा उपटला. भोंग्यावर कॉमेंट्रीवाला सवयीने बोलतच होता — "कृपया मैदान सोडा... अरे त्याच्या डोक्यात नको... कृपया..." — आणि मग त्याच्याच तोंडावर काहीतरी बसल्याचा आवाज सगळ्या शेतात गेला आणि भोंगा शिट्टी मारत राहिला.

माझ्या हातात मोनोपॉड होता. कॅमेरा टेकवायला एका पायाची लोखंडी काठी असते, वरच्या टोकाला चकती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा उभा स्क्रू. कॅमेरा काढून मी गळ्यात अडकवला होता. गर्दी मला ढकलत पिचपर्यंत घेऊन गेली. मी डोळे मिटले आणि मोनोपॉड दोन्ही हातांनी फिरवला. एकदा, दोनदा, किती ते आठवत नाही. आपल्याला कोणी मारू नये एवढाच हेतू. कोणाला लागला असं वाटलं नाही... असं मी स्वतःला सांगितलं. मग पळालो आणि ट्रॉफ्यांच्या टेबलाखाली शिरलो.

बाहेर आलो तेव्हा मैदान गप्प झालं होतं. पिचवर परशा पडला होता. डाव्या कानाच्या वरची कातडी उघडून खाली लोंबत होती, रक्त पिचच्या भेगांत जात होतं. एक पाय आपोआप झटके देत होता. आणि त्याच्यावर बाळाराम उभा, हातात स्टंप, अंगावर परशाचं रक्त. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. बाळाराम म्हणत होता, "मी नाय. त्याच्याच हातातला स्टंप काढून घेतला मी." ते ऐकायला कोणी थांबलं नाही. त्याला खाली पाडला आणि पोलीस येईपर्यंत तुडवला. दोन बरगड्या गेल्या. मी टेबलाजवळ उभा होतो. गळ्यात कॅमेरा होता. मी हललो नाही.

परशाला रोह्याहून पुढे पनवेलकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. शुद्ध नव्हती. बाळारामला पोलिसांनी नेलं. परशा गेला असता तर खुनाचा गुन्हा लागणार होता. यादीचा प्रश्नच मिटला असता, पुढच्या सगळ्या आयुष्याचाही.

रात्री घरी शैला माझ्याशी एवढंच बोलली — "तो कोंबडी कापताना तोंड फिरवतो. तो नाय मारणार."

सोमवारी सकाळी मी स्टुडिओत बसलो. पुसलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर असतं, हे तुम्ही आता मला कळवणार असाल तर थांबा, मलाही माहीत आहे. लावलं. दोनशेच्या वर फायली सापडल्या, उघडल्या तर सगळ्या करड्या. एकीतही माणूस नाही. दुपारी हमरापूरला मूर्तींचे फोटो काढायला जायचं होतं, म्हणून शेवटी कंटाळून तेच कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि पुन्हा फॉरमॅट केलं. या वेळी वाचून 'ओके' दाबलं.

'नो इमेज' यायला हवं होतं. फोटो आला.

तेच शेत. तीच गर्दी. मध्ये परशा, समोरून, स्टंप डोक्यावर उचललेला, तोंड उघडं, मानेच्या शिरा दोरीसारख्या. समोर बाळाराम, रिकाम्या हाताने. इतका स्पष्ट की परशाच्या ओठावरची धूळ मोजावी. मी म्हटलं, अर्धवट राहिलेली फाइल असेल. पण मारामारीत मी एकही फोटो काढला नव्हता. कॅमेरा बंद होता. लेन्सवर झाकण होतं — ते मी स्वतः लावलं होतं, कारण फॉरमॅटनंतर काढायला उरलंच काय होतं.

कार्ड लॅपटॉपला लावलं. रिकामं. कॅमेऱ्यात घातलं, फोटो आहे. पुसायला गेलो तर कॅमेरा म्हणतो, प्रोटेक्टेड. कोपऱ्यात बारीक किल्लीचं चिन्ह. मी लावलेलं नव्हतं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, तर त्यात नुसता पांढरा उजेड. दिवे बंद करून काढला, तरी उजेड.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. म्हणजे पुन्हा फॉरमॅट केलं.

दुसरा फोटो आला. जागा तीच, उंची तीच, फक्त क्षण पुढचा. बाळारामने परशाचं मनगट धरलंय, स्टंप दोघांच्या मध्ये. परशाचं दुसरं कोपर बाळारामच्या नाकावर बसतंय, आणि नाकातून निघालेलं रक्त हवेत आहे. एकेक थेंब. माझ्या हातून थेंब कधी असे आले नाहीत.

शैला पुढे काउंटरवर होती. तिला हाक मारणार तेवढ्यात काच फुटली.

परशाचा काका आणि चार जण. परशाला मशीनवर ठेवल्याची बातमी आली होती. दर्शनी काचेतली लग्नाची जोडपी त्यांनी एकेक करून फोडली, पायाखाली घेतली. लाइटचे स्टँड मोडले. काकाने माझी मान भिंतीशी दाबली. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. फुटलेल्या फ्रेमचा काठ त्याने माझ्या गालावर धरला आणि तो आत जात असल्याचं मला गरम पाण्यासारखं जाणवलं. शैलाने फोटो कापायचा कटर उचलला. तो तिने उगारला नाही, नुसता काउंटरवर आपटला. पाती उघडी. "माझ्या भावाला तुडवलंत, आता नवऱ्याला मारणार, मग माझा नंबर. या," ती म्हणाली. "पण एकेक या."

काकाने मला सोडलं. दारापर्यंत गेला आणि वळून, अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "खरं सांग. आउट होता का?"

"बघितलाच नव्हता," मी म्हणालो. तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, काचांवर उभा राहून. परशाला लहानपणापासून त्यानेच वाढवलंय, हे मला नंतर कळलं.

गालाला पाच टाके पडले. मंगळवारी सकाळी, काचा भरून झाल्यावर, मी शैलाला कॅमेरा दाखवला. दुसरा फोटो तिने पाहिला. मला वाटलं घाबरेल. ती भावाच्या नाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुढचा काढा."

फॉरमॅट. तिसरा फोटो.

आता स्टंप बाळारामच्या हातात, पण खाली, जमिनीकडे. परशाचे दोन्ही हात मोकळे, तो मागे सरतोय. म्हणजे बाळाराम खरं बोलत होता. आणि उजव्या बाजूने फ्रेममध्ये एक हात शिरतोय... कोपरापर्यंतच दिसतो. हातात काळी काठी.

मी खुर्चीतून उठलोच. "शैला, हा तिसराच कोणीतरी आहे! बाळाराम सुटला. हा हात कोणाचा तेवढं शोधायचं."

शैलाने स्क्रीनवर फोटो मोठा केला. खूप वेळ बघितला. मग म्हणाली, "कफाचं बटण बघा."

निळ्या चौकडीचा शर्ट, पांढरं बटण, लाल दोऱ्याने शिवलेलं.

"निळा दोरा संपला होता," शैला म्हणाली. "मीच शिवलंय."

मंडळी, मी त्या क्षणी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी कॅमेरा बंद केला. म्हटलं, पुढचा बघायलाच नको. हातात काठी आहे म्हणजे मारलीच असं थोडंच? असे शर्ट बाजारात ढीगभर आहेत. बॅटरी उतरली आहे. बोलत राहिलो बराच वेळ. शैलाने सगळं ऐकून घेतलं.

"स्टंपवर तुम्ही पण हात ठेवला होता ना?" ती म्हणाली. आणि तिनेच कॅमेरा चालू केला, मेनू काढला, 'ओके' दाबलं.

चौथा फोटो.

मोनोपॉडची चकती परशाच्या कानावर आत गेलेली. कातडी पाण्यात दगड पडल्यासारखी उठलेली, डोळा पांढरा फिरलेला. बाळारामचं तोंड 'अरे' म्हणताना उघडं. आणि उजवीकडे मी. पूर्ण. चष्मा नाही, डोळे घट्ट मिटलेले, दात दाबलेले, दोन्ही हातांनी सगळं बळ लावून. आयुष्यात मी स्वतःला इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी घाबरलो होतो. फोटोत मी घाबरलेला नव्हतो.

आणि माझ्या गळ्यात पट्ट्याला लोंबकळणारा कॅमेरा. हाच. लेन्सवर झाकण. पट्ट्यावरचा फेव्हिकॉलचा डागसुद्धा.

ज्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मी हे बघत होतो, तो कॅमेरा फोटोत होता. मग फोटो काढला कशाने?

अजून एक. हे फोटोवाल्यालाच कळेल. चारही फोटोंत ऊन समोरून, सगळ्यांच्या तोंडावर. म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी. साडेचारचं ऊन, तीन-चार हातांवरून काढलेला फोटो... काढणाऱ्याची सावली परशाच्या पायाशी पडायलाच हवी. मी चौथ्या फोटोत ती इंच इंच शोधली. पिचवरची भेग न् भेग दिसत होती. सावली नव्हती.

त्यानंतर एकदा फॉरमॅट केलं. नो इमेज. मग दहा वेळा केलं. नो इमेज. आजपर्यंत नो इमेज.

हातात पुरावा काही नव्हता. मी माळ्यावरून मोनोपॉड काढला. रविवारी घरी येऊन मी तो फडक्याने पुसून ठेवला होता, चिखल म्हणून. चकतीखालचं रबर सोडवलं. आतून वाळलेलं काळं रक्त पापुद्र्यासारखं सुटलं, आणि दोन केस.

बाइकवर नागोठण्यामार्गे रोह्याला निघालो. मी पुढे, शैला मागे, मोनोपॉड तिच्या मांडीवर आडवा, जुन्या साडीत गुंडाळलेला. मी दोनदा गाडी बाजूला घेतली, एकदा लघवीला, एकदा नुसताच. दुसऱ्या वेळी ती उतरलीसुद्धा नाही.

पोलीस स्टेशनात हवालदारांना म्हटलं, परशाला मी मारलं. त्यांनी माझ्या टाक्यांकडे बघितलं, मग शैलाकडे, आणि हसले.

"आधी मेहुण्यासाठी फोटो उडवलास, आता त्याच्यासाठी गुन्हा अंगावर घेतोस. मेहुणा हाय का कुलदैवत?"

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. मोनोपॉड उलगडून टेबलावर ठेवला तेव्हा ते हसायचे थांबले. जखमेत कातडीखाली हाडापर्यंत एक बारीक गोल भोक होतं. स्टंपने असं भोक पडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं, पण गोल भोक पाडणारी वस्तू मैदानात सापडली नव्हती. ती माझ्या माळ्यावर होती. स्क्रू त्यात बरोबर बसला.

फोटोंबद्दल मी जबाबात काही बोललो नाही. 'कसं आठवलं?' म्हणून विचारलं, तेव्हा 'शर्टाच्या बटणावरून' एवढंच म्हणालो. ते खरंही होतं.

बाळाराम सुटला. छातीला पट्टा बांधून, वाकून चालत बाहेर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भावजी, डोळे मिटून एवढा नेम?" नंतर महिनाभर बोलला नाही. कंपनीत त्याचं नाव यादीत लागलं. मी जामिनावर आहे. केस चालेल तेव्हा चालेल.

परशा पाचव्या दिवशी शुद्धीवर आला. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. येणारही नाही. मला भेटू देतील असं वाटलं नव्हतं, पण त्याच्या काकानेच निरोप धाडला. मी आणि शैला गेलो. दुपारची वेळ, त्याचं डोकं अर्धं भादरलेलं, टाके कानापासून टाळूपर्यंत. काका स्टुलावर बसून त्याला मोसंबी सोलून देत होता. मी उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि जे पोलिसांना सांगितलं नव्हतं तेही सगळं सांगितलं. हललेले तीन फोटो लपवायला गेलो इथपासून, चौथ्या फोटोतल्या माझ्या तोंडापर्यंत. माफी मागितली. ती कशी मागतात मला येत नाही, त्यामुळे बहुतेक चुकीचीच मागितली.

परशा छताकडे बघत होता. मग म्हणाला, "आउट होतो का मी?"

"तो फोटो आला नाही," मी म्हणालो. "तेवढाच आला नाही. आणि हे चार कोणी काढले, ते मला अजून कळलं नाही. पुढे कधी कळेल असंही वाटत नाही, परशा." (त्याला आता आठ महिने होऊन गेले. कळलं नाही.)

त्याने मोसंबीची फोड तोंडात घातली. चावताना टाके ओढले जात होते, त्याने डोळे बारीक केले.

"हललेले होते काय?" त्याने विचारलं.

"नाही. एकदम स्पष्ट. एकही हललेला नाही."

"मग तू काढलेले नाय," परशा म्हणाला. "त्याचा नंबर मिळाला तर दे. भावाचं लग्न परत काढून घेतो."